पदवीनंतर एम.एस्सी. : घातलेली दोन वर्षं पगारातून परत येतात का?

शिरोली_फौंड्री

नमस्कार मंडळी. प्रश्न घरचा आहे, पण इथे कॉलेजात शिकवणारे आहेत, कंपनीतले आहेत, परदेशात गेलेले आहेत, म्हणून इथेच विचारतो.

थोरली लेक टी.वाय. बी.एस्सी.ला आहे, विषय केमिस्ट्री. अभ्यासात पहिल्यापासून पुढे. तिला एम.एस्सी. करायची आहे. धाकटा दहावीनंतर डिप्लोमा करून कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनवर) लागला, पगार घरात आणतो. त्यामुळे जेवायला बसलं की विषय निघतोच, धाकटा कमवायला लागला आणि थोरलीनं अजून दोन वर्षं शिकायचं, तर त्यातून हाताला लागणार काय?

मी इथल्याच शिरोलीत एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मेल्टिंगला आहे. आमच्या स्पेक्ट्रो लॅबमध्ये एक जागा होणार आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. भट्टीतला रस ओतायच्या आधी नमुना काढतात, त्याची चकती घासून मशीनवर ठेवतात. ठिणगी पडली की कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, सल्फर किती आहे ते स्क्रीनवर येतं. हीट, म्हणजे भट्टीतला तो घाणा, पास करायची की भट्टीत अजून काही टाकायचं, हे त्या आकड्यांवर ठरतं. जबाबदारीचं काम आहे. साहेब म्हणाले, पोरगीला पाठवा, सुरुवातीला पंधरा हजार देतो. घराजवळ आहे, माणसं ओळखीची आहेत.

हे सोडून एम.एस्सी.ला घातली तर दोन वर्षांनी तिची कमाई किती वाढेल? शिक्षण महत्त्वाचं आहे हे मला पटलेलंच आहे. मला हिशेब सांगा.

उद्यमनगरी

काका, हिशेबच मांडतो. माझं स्वतःचं मशीन शॉप आहे, मला तीच भाषा कळते.

पंधरा हजारांनी दोन वर्षं म्हणजे ३ लाख ६० हजार. हे न मिळालेले पैसे, पण खर्चातच धरायचे. लोक फक्त फी मोजतात आणि इथेच फसतात. फी, पुस्तकं, जाणं-येणं मिळून ६० हजार धरू. झाले ४ लाख २० हजार.

आता दोन वर्षांनी. स्पेक्ट्रोवर दोन वर्षं काढलेली बी.एस्सी. पोरगी १८ हजारांवर असेल. नवीन एम.एस्सी. समजा २२ हजारांवर लागली. फरक महिन्याला ४ हजार, वर्षाला ४८ हजार. सव्वाचार लाखांच्या आसपासचा खड्डा भरायला पावणेनऊ वर्षं लागतील. आकडे मी अंदाजाने घेतलेत, तुमचे खरे आकडे घालून तुम्ही करून बघा.

आणि आमच्या धंद्याचं सांगायचं तर शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित एमआयडीसी, सगळीकडे माणूस हातावर बघतात. सेटिंग येतंय का, ड्रॉइंग वाचता येतंय का, रिजेक्शन किती. माझ्याकडे एम.ई. झालेला मुलगा आला होता. त्याला बी.ई.वाल्यापेक्षा जास्त देण्याचं मला काही कारण दिसलं नाही, कारण मला लागणारं काम दोघांनाही तेवढंच येत होतं. मुलगा हुशार होता, त्याच्यावर राग नाही. माझ्या शॉपमध्ये त्या डिग्रीचं काम नव्हतं, एवढंच.

अर्थाअर्थी

उद्यमनगरींनी न मिळालेला पगार खर्चात धरला हे फार बरं केलं. अर्थशास्त्रात त्याला संधीखर्च म्हणतात आणि मी वर्गात दर वर्षी हेच घसा कोरडा होईपर्यंत सांगते.

पण त्यांच्या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की ४ हजारांचा फरक कायम ४ हजारच राहणार. सगळा प्रश्न तिथेच आहे. समजा हा फरक दर वर्षी २ हजारांनी वाढत गेला. पहिल्या वर्षी महिना ४, मग ६, मग ८, मग १०, मग १२ हजार. वर्षाचे झाले ४८, ७२, ९६ हजार, मग १ लाख २०, मग १ लाख ४४. बेरीज करा, साडेचार वर्षांच्या पुढेमागे ४ लाख २० हजार वसूल होतात आणि पुढचं सगळं निव्वळ जास्तीचं. उलट फरक दर वर्षी कमी होत गेला, म्हणजे अनुभवाने बी.एस्सी.वाली तिच्या बरोबरीला आली, तर ते पैसे कधीच परत येत नाहीत. म्हणून पहिल्या पगारावर निर्णय घेऊ नका. त्या क्षेत्रात दहा वर्षं काढलेले बी.एस्सी. कुठे आहेत आणि एम.एस्सी. कुठे आहेत, हे विचारा.

जगभरच्या अभ्यासांची सरासरी सांगायची तर शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे कमाई साधारण ९ टक्क्यांनी वाढते, हा साखारोपुलोस आणि पॅट्रिनोस यांनी २०१८ मध्ये मांडलेला आकडा आहे. बायकांच्या बाबतीत हा परतावा पुरुषांपेक्षा सुमारे दोन टक्के-बिंदूंनी जास्त निघतो. काका, तुमच्या घरातला हिशेब लेकीचा आहे म्हणून मुद्दाम सांगितलं.

पण सरासरीवर घर चालत नाही. त्यात डॉक्टरही आले आणि रिकामे बसलेले एम.ए.ही आले. आपल्याकडच्या पीएलएफएस या सरकारी रोजगार सर्वेक्षणात वर्षानुवर्षं दिसतं की बेकारीचा दर न शिकलेल्यांत सगळ्यात कमी आणि पदवी-पदव्युत्तरवाल्यांत जास्त. त्याचा अर्थ शिकून माणूस बेकार होतो असा काढायचा नाही. ज्याच्या घरी चूल पेटायची पंचाईत असते त्याला बेकार राहणं परवडत नाही, तो मिळेल ते काम धरतो. शिकलेला मनासारख्या नोकरीची वाट बघतो. ही वाट किती लांबेल, तीही तुमच्या हिशेबात धरा.

अजून एक. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलं की डिग्रीतून माणूस काही शिकला नाही तरी ती मालकाला एक खूण देते, हा चिकाटीचा आहे, हुशार आहे. २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. पण खूण तेव्हाच चालते जेव्हा ती थोड्यांकडे असते. गल्लीत दर तिसऱ्या घरात एमबीए झालं की त्या खुणेला कोण विचारतो?

तासिकेवाला

ताई, शेवटचं वाक्य काळजाला लागलं.

मी इतिहासात एम.ए., सेट (प्राध्यापकीची राज्य पात्रता परीक्षा; देशपातळीवरची ती नेट), पीएच.डी. आहे. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात दिवसच्या दिवस काढून प्रबंध लिहिला. आज तासिका तत्त्वावर शिकवतो. पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे ५७,७०० पासून सुरू होतं. मी तेच शिकवतो, तेच पेपर तपासतो, नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायली मीच लावतो, आणि मला तासाचे पैसे मिळतात. सुट्टी पडली की तास नाही, तास नाही की पैसे नाहीत. वर्षातले जेमतेम नऊ महिने काम, तेही बिल वेळेवर निघालं तर. उन्हाळ्यात काय खायचं हे कुठल्या जीआरमध्ये लिहिलेलं नसतं.

हे रडगाणं म्हणून लिहीत नाही. नवीन पोरांना कुणीतरी स्पष्ट सांगायला पाहिजे. प्राध्यापक होण्यासाठी म्हणून एम.ए., एम.एस्सी. करत असाल तर नेट-सेट पास होणं ही सुरुवात आहे. पुढे जागा निघायला पाहिजे, भरती व्हायला पाहिजे, आणि खाजगी संस्थांत त्यापुढे काय काय लागतं ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे. मध्यंतरी पीएच.डी. सक्तीची होणार म्हणून आम्ही सगळे पीएच.डी.च्या मागे धावलो. २०२३ मध्ये यूजीसीने परत नेट-सेट हीच किमान पात्रता ठेवली. वर्षं गेली ती गेली.

विषय माझा आवडीचा आहे, शिकवणं सोडणार नाही. पण कमाईचा प्रश्न विचारलाय म्हणून उत्तर देतो. माझ्या तीन पदव्यांपेक्षा तुमच्या धाकट्याच्या डिप्लोमाने घरात जास्त पैसे येतात.

गाळप_हंगाम

सर, नमस्कार तुम्हाला. मनापासून वाचलं.

शिरोलीकर काका, मी साखर कारखान्याच्या लॅबमधून वर आलो. बी.एस्सी. केमिस्ट्रीवाल्याला कोल्हापूर जिल्ह्यात हा एक राबता रस्ता आहे म्हणून लिहितो. लॅबला लागलं की रसाचा ब्रिक्स, पोल, शुद्धता, बगॅसमधली (उसाच्या चोथ्यातली) साखर, मळीची तपासणी, हे तिन्ही पाळ्यांत चालतं. गाळप चालू असताना रात्रपाळी चुकत नाही. हंगामी माणसाला कारखाना बंद झाला की फक्त रिटेन्शन, म्हणजे बंद काळातला भत्ता.

इथे एम.एस्सी.ला फारसं कुणी विचारत नाही. विचारतात ते साखर तंत्रज्ञानाच्या कोर्सला. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचा किंवा कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेचा कोर्स असेल तर मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट आणि पुढे चीफ केमिस्टपर्यंतची शिडी उघडते. नसेल तर लॅब केमिस्ट म्हणूनच केस पांढरे होतात. आता कारखान्यांनी डिस्टिलरी, इथेनॉल धरल्यापासून अल्कोहोल तंत्रज्ञान शिकलेल्यालाही मागणी आहे.

सांगायचं काय, पदवीनंतर शिकायचंच, पण ज्या धंद्यात जायचं तो धंदा कुठल्या कागदावर बढती देतो ते आधी बघायचं. बँकेतल्या माणसाला जेएआयआयबी, सीएआयआयबी या बँकिंगच्या परीक्षांनी वेतनवाढ मिळते, एम.कॉम.ने काय मिळतं? एमपीएससी, यूपीएससीला साधी पदवी चालते. त्यासाठी एम.ए.ला ॲडमिशन घेऊन बसणारे फक्त हॉस्टेलसाठी बसतात, हे आपल्याला ठाऊक आहेच.

लोटे_ते_करवीर

आता माझी पाळी, कारण प्रश्न नेमका माझ्याच लाईनीतला आहे.

मी एम.एस्सी. ऑरगॅनिक केमिस्ट्री, आपल्याच विद्यापीठातून. कोकणात लोट्याच्या केमिकल एमआयडीसीत सुरुवात केली, मग पुणे जिल्ह्यातलं कुरकुंभ, आता औषध कंपनीत ॲनालिटिकलला, म्हणजे तपासणीच्या विभागात. आमच्याकडे बी.एस्सी. आणि एम.एस्सी. यांच्यातला फरक पहिल्या पगारात कमी आणि बसायच्या जागेत जास्त असतो. बी.एस्सी. मुलं बहुतेक प्रॉडक्शनला जातात. रिॲक्टर चार्ज करणं, तापमान सांभाळणं, बॅच रेकॉर्ड भरणं. एम.एस्सी.वाले क्यूसी (गुणवत्ता तपासणी) किंवा आर अँड डीला (संशोधनाला). नियम असा नाही, पण मुलाखतीचे अर्ज तसेच वेगळे होतात. आणि आर अँड डीचा दरवाजा बी.एस्सी.ला जवळपास बंदच. दहा वर्षांनी मागे वळून बघितलं तर प्रॉडक्शनमधला चांगला माणूसही पुढे गेलेला असतो, पण त्याच्या वाढीला प्लांट बदलावा लागतो, गाव बदलावं लागतं. क्यूसी-आर अँड डीतला माणूस मशीन आणि मेथडच्या जोरावर कंपनी बदलतो.

याला एक अपवाद सांगतो, तो महत्त्वाचा आहे. औषध कंपनीत बी.एस्सी. केमिस्ट्रीवाल्याला काही वर्षांच्या अनुभवानंतर एफडीएची (अन्न व औषध प्रशासनाची) मान्यता घेता येते. ती मिळाली की त्याचा भाव एकदम बदलतो, आणि त्याला एम.एस्सी. लागत नाही. म्हणजे बी.एस्सी. म्हणून कायमचं अडकतंच असं नाही.

एम.एस्सी.तही स्पेशलायझेशनने फरक पडतो. ॲनालिटिकल आणि ऑरगॅनिकला कंपन्या विचारतात. आणि नुसती मार्कशीट दाखवून चालत नाही. मी मुलाखती घेतो. समोरच्याला विचारतो, एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनवर) आलेखातला पीक, म्हणजे उंचवटा, फाटायला लागला तर पहिल्यांदा काय बघशील? ज्याने मशीनला हात लावलाय तो कॉलम, मोबाइल फेज, सॅम्पलचा सॉल्व्हंट यांची नावं पटापट घेतो. ज्याने फक्त जर्नल उतरवलंय तो थिअरी सांगायला लागतो. पगार पहिल्याला मिळतो. ॲडमिशन घेताना त्या विभागात कुठली मशीन चालू आहेत आणि एम.एस्सी.च्या पोरांना त्यावर बसू देतात का, हे विचारा. काचेच्या कपाटातलं मशीन उपयोगाचं नाही.

आणि काका, हे सगळं लोटे, कुरकुंभ, पुणे, गोवा इथलं सांगतोय. एम.एस्सी. करून कोल्हापुरातच राहायचं असेल तर उद्यमनगरींचा हिशेब खरा ठरेल. लेक गाव सोडायला तयार आहे का, आणि तुम्ही सोडायला तयार आहात का, यावर निम्मा निकाल आहे.

नवा_सभासद_गारगोटी

मध्येच विचारतो, माफ करा. माझं बी.कॉम. झालंय. पुण्यात एका खाजगी कॉलेजात एमबीएला नंबर लागतोय. राहण्या-खाण्यासकट पाच लाखांचं कर्ज काढावं लागेल. काढू का?

बिंदूचौक_बँक

बाळा, कर्जाचे कागद माझ्या टेबलावरून जातात, म्हणून सावकाश समजावतो.

पाच लाख समज १० टक्क्यांनी घेतले, निम्मे पहिल्या वर्षी, निम्मे दुसऱ्या. कोर्स आणि वर एक वर्ष हप्ता नसतो. मुलांना वाटतं व्याजही नसतं. व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं. पहिल्या अडीच लाखांवर तीन वर्षं आणि दुसऱ्या अडीचवर दोन वर्षं साधं व्याज धरलं तरी सव्वा लाख झालं. म्हणजे हप्ता सुरू होताना कर्ज सव्वासहा लाख. सात वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण १०,४०० रुपये. एकूण फेड ८ लाख ७० हजारांच्या घरात. तेच शिकताना दर महिन्याला व्याज भरत गेलास तर हप्ता ८,३०० च्या आसपास राहतो. घरच्यांना हे आधीच सांग.

आता पुण्यात पहिला पगार २० हजार मिळाला, तर खोली, जेवण आणि हा हप्ता, उरलं काय? म्हणून मी पोरांना एकच काम सांगतो. त्या कॉलेजातून गेल्या वर्षी पास झालेली चार पोरं स्वतः शोधून त्यांना फोन कर. कॉलेजच्या पुस्तिकेत सगळ्यात मोठं पॅकेज छापतात, मधल्या पोराचं छापत नाहीत.

कर्ज वाईट नाही. साडेसात लाखांपर्यंत तारण न मागण्याची योजना आहे. पीएम विद्यालक्ष्मीत निवडक चांगल्या संस्थांना विनातारण कर्ज आहे, आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत. तुझं कॉलेज त्या यादीत आहे का बघ. नसेल तर तेवढ्यावरूनच थोडा विचार कर. नाहीतर नोकरी धरून आपल्या विद्यापीठाच्या दूरस्थ शिक्षण केंद्रातून कर, पगार चालू राहील.

ताराराणी_चौक

सगळे हिशेब वाचले. एक हिशेब कुणी मांडला नाही, तो मी मांडते.

‘आधी नोकरी कर, मग बघू एम.एस्सी.चं’ हे मुलाला सांगितलं तर तो दोन वर्षांनी खरंच बघू शकतो. मुलीला सांगितलं तर त्या दोन वर्षांत स्थळं सुरू होतात. नोकरी लागलेली, घरी पैसे देणारी मुलगी म्हणजे लग्नाला तयार झालेली मुलगी, असं आपल्याकडे घरोघरी धरतात. माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणींचं ‘मग बघू’ तिथेच राहिलं. मुलींना ॲडमिशनची पावती ही लग्न पुढे ढकलण्याची सगळ्यात मानाची सबब असते. हे बोलायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

आणि पुढचंही. लग्नानंतर, बाळंतपणानंतर मुलीची नोकरी मध्ये सुटते. परत लागताना नुसत्या बी.एस्सी.ला शिफ्टचंच काम मिळतं, आणि रात्रपाळी तेव्हा जमत नाही. एम.एस्सी. असेल तर बी.एड. करून ज्युनिअर कॉलेजचा तरी मार्ग राहतो, तिथे पदव्युत्तर पदवी लागतेच. लॅबमध्ये दिवसपाळीची जागा मिळू शकते. पगाराचा फरक फक्त नोकरीच्या वर्षांत मोजू नका. सुटलेली नोकरी परत मिळते की नाही, हाही पगारच आहे.

काका, तुम्ही लेकीसाठी इथे येऊन विचारताय याचंच मला फार कौतुक वाटलं.

अर्थाअर्थी

ताराराणी ताई, बायकांचा परतावा जास्त का निघतो, त्याचं एक मोठं कारण तुम्ही चार ओळींत सांगितलंत. उद्या हे वर्गात सांगणार आहे.

कोरियातला_पन्हाळकर

इथून सकाळी सकाळी लिहितोय, थोडं घाईत.

मी आपल्या विद्यापीठाच्या भौतिकशास्त्रातून एम.एस्सी. केली. थिन फिल्मवर (पदार्थांच्या अतिपातळ थरांवर) काम करणारी आमची कैक मुलं दक्षिण कोरियात पीएच.डी. आणि पोस्टडॉकसाठी आहेत. केमिस्ट्रीचीही आहेत. आम्ही काही सधन घरातले नव्हे. वाट कळली ती आमच्या सीनियर्समुळे. एकाने बोलावलं, त्याने पुढच्याला बोलावलं. ही साखळी एखाद्या विभागात असते, एखाद्या विभागात नसते, आणि डिग्रीची अर्धी किंमत त्यातच आहे असं माझं मत आहे.

देशातच संशोधन करायचं तर सीएसआयआर-नेट या विज्ञानाच्या परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधकाची फेलोशिप) मिळाली की महिन्याला ३७,०००, पुढे एसआरएफला (वरिष्ठ फेलोशिपला) ४२,०००. राज्य सरकारच्या सारथी, बार्टी, महाज्योती या संस्थांच्या फेलोशिप आहेतच. सारथीचं उपकेंद्र तर कोल्हापुरातच आहे. म्हणजे शिकताना पैसे मिळू शकतात. पण नुसत्या तीन वर्षांच्या बी.एस्सी.वर या दाराशीच जाता येत नाही. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षीच नेटचा अभ्यास सुरू केला पाहिजे, दुसरं वर्ष संपल्यावर नाही.

तासिकेवाला

पन्हाळकर, आमच्या विषयाला असा बाहेरचा रस्ता नाही. विज्ञानातल्या आणि कलेतल्या एम.ए.-एम.एस्सी.ला एकाच तागडीत घालू नये, हे माझ्याकडून या धाग्याला जोडतो. भाषा, इतिहास शिकणाऱ्यांनी एम.ए. जरूर करावं, पण सोबत अनुवाद, संपादन, स्पर्धा परीक्षेचं शिकवणं असं हातातलं काहीतरी पहिल्या वर्षापासून धरावं.

उद्यमनगरी

सर, एक विचारू का? आमच्या उद्योजकांच्या बैठकीत कोल्हापूरच्या फौंड्री उद्योगाचा इतिहास नीट लिहून काढायचं नेहमी बोलणं होतं. जुनी माणसं जात चाललीत. पैसे देऊन करायचं काम आहे. तुम्ही बघाल का? मेसेज करतो.

तासिकेवाला

जरूर. आनंदाने. याच आठवड्यात भेटू.

शिरोली_फौंड्री

मंडळी, पाळी संपवून आत्ता सगळं वाचलं. लेकीला वाचायला दिलं. तीच लिहिते म्हणाली, माझ्याच नावाने लिहू देतो.

*नमस्कार. मी त्यांची मुलगी. बाबांनी हे विचारलंय हे मला आजच कळलं.*

*लोटे-करवीर सर, तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला पुस्तकातलंच येतं. आमच्या कॉलेजात मशीन फक्त लांबून दाखवतात. मला ॲनालिटिकल घ्यायचंय ते त्याचसाठी. टायट्रेशनला एंड पॉइंट बरोबर पकडला की मला जे वाटतं ते दुसऱ्या कशात वाटत नाही. पैसे मिळवायचे आहेत हे खरंच आहे, धाकट्या भावाने फी भरावी असं मला अजिबात वाटत नाही.*

*गाव सोडायला मी तयार आहे. लोट्यालाही आणि पुण्यालाही. दोन प्रश्न आहेत. एक, मुलींना पूर्ण फी माफ झाली आहे ती एम.एस्सी.ला लागू आहे का? दोन, परीक्षा झाल्यावर ॲडमिशन होईपर्यंत मी बाबांच्या फौंड्रीत स्पेक्ट्रोवर काम केलं तर त्याचा पुढे काही उपयोग होईल का?*

बिंदूचौक_बँक

शाब्बास पोरी. २०२४ चा तो निर्णय आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नासाठी आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. इंजिनिअरिंग, फार्मसी वगैरे. साध्या एम.एस्सी.ला तो धरून चालू नकोस. तुला कुठल्या शिष्यवृत्त्या बसतात ते महाडीबीटीवर बघ आणि विभागात विचार. विद्यापीठाच्या विभागातली फी खाजगी एमबीएच्या मानाने बरीच कमी असते, त्यासाठी कर्जाची गरज पडू नये. विद्यापीठात कमवा व शिका आहेच. उत्पन्नाचा दाखला मात्र आत्ताच काढून ठेव, जूनमध्ये तहसीलला रांगा लागतात.

लोटे_ते_करवीर

ताई, स्पेक्ट्रोवर जरूर बस. सॅम्पल घेण्यापासून चुका कशा होतात, कॅलिब्रेशन का बिघडतं, स्टँडर्ड कशासाठी लावतात, हे एकदा हाताने केलं की पुढे कुठलंही मशीन परकं वाटत नाही. वहीत रोज लिहून ठेव, आज आकडा का हलला. मुलाखतीत मी असंच ऐकायला बसलेलो असतो.

आणि फक्त आपल्या विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेवर थांबू नकोस. आयआयटीच्या एम.एस्सी.साठी जॅम असते, फेब्रुवारीत. अर्ज त्याच्या बरेच महिने आधी भरावे लागतात, तारखा बघ. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी आहे. नव्या धोरणात चौथं वर्ष ऑनर्स करून एका वर्षाची एम.एस्सी. असाही मार्ग आहे, तुझ्या कॉलेजात चौथ्या वर्षाला लॅब कशी आहे ते बघून ठरव. लॅब बरी नसेल तर थेट दोन वर्षांच्याला जा.

शिरोली_फौंड्री

ठरलं मग. साहेबांशी उद्याच बोलतो, परीक्षेनंतर तीन महिने लॅबला येईल म्हणून. पंधरा नाही दिले तरी चालेल, मशीनवर बसू द्या एवढंच सांगणार आहे. उत्पन्नाच्या दाखल्याचे कागद सोमवारी.

लोटेकर, जॅमसाठी फिजिकल केमिस्ट्री कच्ची आहे म्हणते. कोल्हापुरात कुणी चांगलं शिकवणारं आहे का?

कोरियातला_पन्हाळकर

काका, क्लास लावू नका. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर फुकट आहेत. जॅमचे जुने पेपर वेबसाइटवर मिळतात, ते घड्याळ लावून सोडवायला सांगा. अडलं की तिला इथेच विचारू दे, थर्मो आणि क्वांटम माझ्याकडे. वेगळं खातं काढून द्या तिला.